मुलाचं ते मळकं दुपटं: जपायचं कसं, धुवायचं कसं, हरवलं तर काय

घरात वर्ष ते पाच वर्षांचं मूल असेल तर बऱ्याच घरांत ती एक वस्तू असते. एखादं दुपटं, कान चघळून चघळून चपटा झालेला ससा, आईच्या जुन्या ओढणीचा तुकडा, कधीकधी तर नुसता उशीचा अभ्रा. झोपताना ती लागते, रडताना लागते, गाडीत लागते, आणि सापडली नाही की घरातली सगळी मोठी माणसं पलंगाखाली टॉर्च मारत फिरतात. तर ह्या वस्तूचं काय करायचं ते लिहितेय. सवय मोडायची कशी हे शोधत आला असाल तर आधीच सांगते, बहुतेक वेळा मोडायची गरजच नसते. वस्तू मुलाची आहे, मालक ते आहे, आपल्याकडे फक्त देखभालीचं खातं, एवढं धरून चाललं की निम्मे वाद तिथेच संपतात.

हे होतं का, ते थोडक्यात. साधारण सहा महिने ते वर्षाच्या आसपास मूल अशी वस्तू निवडतं, म्हणजे आई नुसती बाथरूमला गेली तरी घर डोक्यावर घ्यायचं जे वय असतं ना, त्याच्या आगेमागे. दीड ते तीन वर्षांत ओढ सगळ्यात जास्त. डोनाल्ड विनिकॉट म्हणून एक ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होते, त्यांनी १९५१ साली ह्या विषयावर निबंध वाचला, तो १९५३ मध्ये छापून आला, आणि आजही ह्यावर कोणीही बोललं तरी गाडी तिथूनच सुटते. त्यांचं म्हणणं साधारण असं की ही वस्तू म्हणजे आईही नाही आणि मूल स्वतःही नाही, दोघांच्या मधलं काहीतरी आहे आणि ते मुलाच्या हातात आहे. विचार करा, आई हवी तेव्हा येतेच असं नाही, दुपटं मात्र ओढलं की येतं.

आणि ज्यांना वाटतं की ह्याने मूल भित्रं होतं, त्यांच्यासाठी अजून एक. १९७५ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग छापून आला, त्यात लहान मुलांना अनोळखी खोलीत खेळायला सोडलं होतं, कोणाची आई सोबत, कोणाचं आवडतं ब्लँकेट सोबत, कोणाकडे काहीच नाही. ज्यांना ब्लँकेटचा लळा होता ती मुलं ब्लँकेट घेऊन जवळपास आई सोबत असल्यासारखीच मोकळी खेळली. ज्यांना लळा नव्हता त्यांना ब्लँकेट देऊन काही उपयोग झाला नाही. म्हणजे जादू कापडात नाही, लळ्यात आहे, त्यामुळे शेजारच्या बाळाला जे अस्वल आवडतं तेच आणून आपल्या बाळाच्या हातात कोंबण्यात अर्थ नाही. काही मुलांना अशी वस्तू कधीच लागत नाही आणि त्यांचंही छान चालतं. आईबाबांना चिकटून झोपणाऱ्या मुलांमध्ये हे प्रमाण कमीच दिसतं, साहजिक आहे, खरी आई हाताला लागत असताना दुपटं कशाला.

आता कामाचं. आधी सुरक्षितता, कारण इथे मुलाची मर्जी चालत नाही. बाळ १२ महिन्यांचं होईपर्यंत झोपताना त्याच्या पाळण्यात मऊ खेळणं, उशी, सुटं पांघरूण काहीच ठेवायचं नाही, नाकातोंडावर येऊन श्वास कोंडण्याचा धोका असतो, बालरोगतज्ज्ञांचा हा सल्ला पक्का आहे, त्यात 'आमचं बाळ तर कधीच तोंडावर घेत नाही' वगैरे नको. जागं असताना, तुमच्या डोळ्यांसमोर खुशाल खेळू दे. बाहुलीचे डोळे भरतकामाचे असतील तर उत्तम, प्लास्टिकचे किंवा बटणाचे असतील तर तीन वर्षांपर्यंत नकोच, आणि मुलाचा जीव आधीच जडला असेल तर डोळे काढून तिथे दोऱ्याने डोळे विणा, मूल तक्रार करेल दोन दिवस मग विसरेल. लांब नाड्या, रिबिनी, गळ्यातली दोरी काढून टाका. पोट दाबलं की गाणं म्हणणारं खेळणं असेल तर आतला सेलचा डबा स्क्रूने बंद आहे ना बघा, ते छोटे गोल सेल गिळले तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, तसं झाल्याचा नुसता संशय जरी आला तरी वाट न बघता हॉस्पिटल. आणि एक गोष्ट जी कोणी सांगत नाही, विणलेलं जुनं ब्लँकेट उसवायला लागलं की त्याचा सुटा धागा बाळाच्या बोटाभोवती आवळला जाऊ शकतो, रात्री कारण कळत नसताना बाळ किंचाळून रडत असेल तर हातापायाची बोटं एकदा नीट बघत जा.

लेबल कापायची घाई करू नका. बऱ्याच मुलांचा जीव त्या खेळण्यात नसतोच, त्या शिवणीतल्या गुळगुळीत लेबलात असतो, ते दोन बोटांत घासत घासत झोपतात. आधी दोन दिवस नुसतं बघा की मूल नक्की काय धरतं. दुपट्याची कड, सशाचा कान, शेपटी, लेबल, जे काही असेल तो भाग म्हणजे मुख्य माल, बाकीचा ससा त्याला लटकलेला आहे असं समजा. हे माहीत असलं की पुढे जोडी करताना, शिवताना, धुताना कुठे हात लावायचा नाही ते कळतं.

जोडी म्हणजे दुसरी तशीच वस्तू. ह्याला एकच योग्य वेळ असते ती म्हणजे अगदी सुरुवातीला, मूल नुकतंच त्या वस्तूकडे झुकायला लागलंय असं दिसलं की लगेच तशीच दुसरी घ्या आणि दर आठवड्याला बदलत राहा म्हणजे दोन्ही सारख्या मळतील, सारख्या विरतील, दोन्हींना सारखाच वास येईल. कापड असेल तर अजून सोपं, एका मोठ्या दुपट्याचे चार तुकडे करायचे, फक्त प्रत्येक तुकड्याला मूळची एक तरी कड राहिली पाहिजे कारण घासायला कडच लागते. हे सगळं लळा पक्का व्हायच्या आत. नंतर मुलाच्या दुपट्याला कात्री लावलीत तर ते वर्षभर तुम्हाला ऐकवेल.

उशीर झाला असेल तर? तर कपाटातून नवाकोरा ससा काढून 'हा बघ तुझाच ससा' असं करू नका. ते ओळखतात. २००८ मध्ये ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम ह्या मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास आला होता, त्यांनी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना एक खोटं 'कॉपी मशीन' दाखवलं, एका खोक्यात वस्तू ठेवायची आणि दुसऱ्या खोक्यातून हुबेहूब तशीच बाहेर येते असं भासवायचं. साध्या खेळण्याचं मुलांना काही नव्हतं, कॉपीही चालली, पण लळ्याच्या वस्तूची वेळ आली तेव्हा बहुतेकांना आपली मूळचीच परत हवी होती, आणि काहींनी तर ती मशीनमध्ये ठेवूच दिली नाही. मला विचाराल तर त्या मुलांचं बरोबरच होतं. तर उशिरा आणलेली जोडी उघडपणे आणा, हा सशाचा भाऊ आहे, पाहुणा आलाय, राहू दे का त्याला आपल्याकडे. आणायच्या आधी दोनचार वेळा धुऊन घ्या म्हणजे नवेपणाचा कडकपणा आणि दुकानाचा वास जाईल, मग काही रात्री तुमच्या उशीखाली ठेवा. भाऊ मुख्य जागा घेईल ही अपेक्षा नको, मूळचा धुवायला गेलाय तेवढ्या वेळापुरता त्याने किल्ला लढवला तरी पैसे वसूल.

धुणं. इथेच सगळ्यात जास्त लढाया होतात म्हणून जरा सविस्तर. मुलाला तो वास हवा असतो, आपल्याला तो वास नको असतो, मुद्दा एवढाच आहे. विनिकॉटनी हे पण लिहून ठेवलंय की आई ती वस्तू मळू देते, वास मारू देते, कारण धुतली की मुलाच्या अनुभवाचा धागाच तुटतो आणि वस्तूची किंमतच जाऊ शकते हे तिला माहीत असतं. आणि हे फक्त माणसांचं नाही बरं का. हॅरी हार्लो ह्यांचे माकडाच्या पिल्लांवरचे प्रयोग ऐकले असतील, १९५८ मध्ये गाजलेले, ज्यात पिल्लं दूध देणाऱ्या तारेच्या 'आई'पेक्षा मऊ कापडाच्या 'आई'ला बिलगून बसायची. ते सुचलं कशावरून, तर प्रयोगशाळेत पिंजऱ्याच्या तळाला अंथरलेल्या कापडांना पिल्लं घट्ट धरून बसायची आणि स्वच्छतेसाठी ती कापडं बदलायला गेलं की प्रचंड थयथयाट करायची. वाचताना आमच्याकडचा रविवार आठवला.

तर उपाय. पहिला, लवकर आणि वारंवार धुवायला लागा. मूल वर्षाचं असल्यापासून दर आठवड्याला धुतली तर साबणाचा हलका वास हाच तिचा वास होऊन बसतो, आणि सहा महिने न धुता मग एकदम धुतली तर मुलाच्या दृष्टीने ती दुसरीच वस्तू परत आलेली असते. दुसरा, पावडर किंवा लिक्विड कायम तेच ठेवा, सुगंधी सॉफ्टनर अजिबात नको. तिसरा, वेळ. दोन वर्षांच्या आतलं मूल असेल तर ते गाढ झोपल्यावर हळूच काढून, पटकन धुऊन वाळवून उठायच्या आत परत, जमत असेल तर, कापडाच्या बाबतीत जमतं, आत कापूस भरलेल्या खेळण्याच्या बाबतीत जमत नाही. दोन वर्षांच्या पुढे मात्र चोरून नेऊ नका, सांगून न्या, त्यालाच मशीनमध्ये टाकू दे, काचेतून बघू दे गोल गोल फिरताना, टाटा करू दे. काही मुलं पूर्ण वेळ मशीनसमोर मांडी घालून बसतात, बसू दे, तेवढा वेळ तरी कुठे जात नाहीत. आणि वाळत घालताना कानाला चिमटा लावू नका, त्याला दुखतं असं तुम्हाला सांगण्यात येईल, आडवं टॉवेलवर वाळवा.

मशीनमध्ये टाकताना जाळीच्या पिशवीत किंवा गाठ मारलेल्या उशीच्या अभ्र्यात घालून, हलक्या सायकलवर. मुलाला धुळीची ॲलर्जी किंवा दमा असेल तर धुळीतले सूक्ष्म किडे मरायला पाणी ६० अंश सेल्सिअसच्या आसपास गरम लागतं, पण लेबलवर तेवढं तापमान चालतं का ते आधी बघा. चालत नसेल तर खेळणं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, किडे मरतात, मात्र ॲलर्जी करणारा त्यांचा कचरा तसाच कापडात राहतो म्हणून नंतर साध्या पाण्यात धुवावं लागतंच. (फ्रीझरमध्ये ससा दिसला की मूल काय म्हणेल ते तुमचं तुम्ही बघा, ध्रुवावर फिरायला गेलाय वगैरे.) कापूस भरलेलं खेळणं वरून वाळल्यासारखं वाटतं आणि आत ओलं असतं, पोट जोरात दाबून बघा, गार लागलं तर अजून ओलं आहे, तसंच दिलं तर आत बुरशी धरते. आत सेलचं यंत्र असेल तर बुडवायचं नाहीच, ओल्या फडक्याने पुसायचं.

शिवणकाम. फाटलं की घाईने नवं आणायची गरज नाही, मुलाला समोर बसवून शिवा, ऑपरेशन आहे म्हणा, बँडेज त्यालाच लावू दे. जुना कापूस सगळा काढून नवा भरला तर खेळणं टणक आणि फुगीर होतं आणि मूल त्याला हात लावत नाही, त्यामुळे जुना तसाच राहू दे, वरून थोडासा घाला. दुपटं अगदी चाळणी झालं असेल तर दोन पातळ कापडांच्या मध्ये ते घालून कडेने टाके मारता येतात, एक खिडकी उघडी ठेवा म्हणजे मूळच्या कापडाला बोट लागतं. पण काहीही बदलण्याआधी विचारायचं. नको म्हणालं तर नको, फाटकं तर फाटकं.

घराचे नियम ठरवायला हरकत नाही. जेवणाच्या ताटाशी नाही, संडासात नाही, अंगणात चिखलात नाही. नियम जागेचे असावेत, वागणुकीचे नसावेत. म्हणजे काय, तर 'जेव नाहीतर ससा फेकून देईन' हे कधीच नाही. 'मोठा झालास ना आता, शी, बाळ आहेस का' हे नाही. 'काऊने नेलं' तर अजिबात नाही, आपल्याकडे मोठी माणसं हे फार सहज करतात, वस्तू लपवायची आणि कावळ्याच्या नावावर खपवायची, आणि वर मूल रात्रभर रडलं की म्हणायचं दोन दिवसांत विसरेल. विसरतं की नाही ते सोडा, आपली सगळ्यात जवळची गोष्ट आपण झोपलेलो असताना गायब होऊ शकते हे ते शिकतं, आणि मग जी वस्तू फक्त रात्री लागायची ती दिवसभर हातातून सुटत नाही. आजी-आजोबा, काका, मावशी कोणी चिडवत असेल तर मुलासमोर वाद घालू नका, आतल्या खोलीत जाऊन स्पष्ट सांगा की हा विषय बंद. मी तर सांगते की डॉक्टरांनी काढायला नाही सांगितलंय, डॉक्टरांचं नाव घेतलं की घरात शांतता होते.

पाळणाघर किंवा बालवाडी सुरू होणार असेल तर तिथल्या ताईंशी पहिल्या दिवसाच्या आधी बोला, आदल्या आठवड्यातच. वस्तू आणू देतात का, कुठे ठेवतात, दुपारच्या झोपेला मिळेल का. नाहीच म्हणाले तर त्याच कापडाचा बोटभर तुकडा खिशात शिवून देता येतो. दवाखान्यात छोटं ऑपरेशन वगैरे असेल तरी आधी विचारून ठेवा, बऱ्याच ठिकाणी भूल देईपर्यंत वस्तू जवळ ठेवू देतात, फक्त आदल्या दिवशी धुऊन न्या.

आता अंगठा आणि चोखणी. ह्या दोन गोष्टी मी वेगळ्या धरते कारण त्यांचा दातांवर परिणाम होतो, तीन-चार वर्षांच्या पुढेही चालू राहिलं तर दात पुढे येऊ शकतात, त्यामुळे तिथे दंतवैद्याला विचारून सवय कमी करायला हवी. गंमत अशी की पुष्कळ मुलं दुपटं हातात आलं की मगच अंगठा तोंडात घालतात, जोडीच असते ती. म्हणून कोणी सांगतं दुपटंच काढून घ्या. मी म्हणेन दिवसा दुपटं पलंगावर ठेवायचा नियम करा, अंगठा आपोआप कमी होतो, रात्रीचं नंतर बघू. एकाच वेळी दोन्ही आधार काढून घेणं जरा जास्तच होतं.

हरवणं. ह्याची तयारी हरवायच्या आधी. वस्तूचे फोटो काढून ठेवा, पुढून, मागून, लेबलाचा जवळून, कारण कंपनी आणि मॉडेलचं नाव तिथेच असतं आणि धुऊन धुऊन ते पुसलं जातं, मग दोन वर्षांनी 'राखाडी ससा, एक कान मोठा' एवढ्यावर शोधत बसावं लागतं. लेबलाच्या मागे कपड्यावर न जाणाऱ्या मार्करने फक्त मोबाईल नंबर लिहा, मुलाचं नाव नको. प्रवासात शक्यतो जोडीतली एक घरी ठेवा, आणि कुठूनही निघताना चावी, मोबाईल, ससा असं मोठ्याने म्हणायची सवय लावा, हॉटेलच्या पांढऱ्या चादरीत पांढरं दुपटं गुंडाळलं जाऊन थेट लाँड्रीत जातं.

हरवलंच तर पहिल्या तासाभरात फोन करा, जिथे जिथे गेलात तिथे, फोटो पाठवा, कारण संध्याकाळी साफसफाई झाली की संपलं. मुलाला खरं सांगा, हरवलंय, आपण शोधतोय. फिरायला गेलाय, परत येईल असं सांगितलं तर ते खरंच वाट बघतं आणि रोज विचारतं, ते जास्त वाईट. 'नवीन आणू, ह्याच्यापेक्षा मोठं आणू' हे पहिल्या रात्री तरी नको, त्या रात्री फक्त जवळ घेऊन झोपायचं, हवं तर तुमचा दिवसभर घातलेला टीशर्ट उशीला घालून द्या, ओळखीच्या वासाने थोडं काम होतं. रडू दे. नंतर काही दिवसांनी ते स्वतःच दुसरं काहीतरी उचलेल किंवा नाही उचलणार, निवड त्याची.

काळजी कधी करायची? घरात नवं बाळ आलं, घर बदललं, आजारपण झालं की लळा अचानक वाढतो, ते काही आठवडे चालतं, ठीक आहे. पण वस्तू हातात धरून मूल खेळणंच टाळतंय, इतर मुलांकडे बघतच नाही, किंवा आधी बोलत असलेले शब्द बंद झालेत, असं काही असेल तर डॉक्टरांना दाखवा, आणि दाखवताना दुपट्याची तक्रार करत बसू नका, बाकीचं नीट सांगा.

सुटतं कधी, हा प्रश्न सगळे विचारतात. तारीख ठरवू नका, वाढदिवसाला तर मुळीच नको, केक कापल्यावर ससा जप्त हा कुठला वाढदिवस. बहुतेकांचं असं होतं की चार-पाच वर्षांनंतर दिवसा लागत नाही, मग फक्त रात्री, मग फक्त ताप आला की, मग एक दिवस लक्षात येतं की बरेच दिवस कोणी मागितलंच नाहीये. काहींची शाळा संपत येते तरी उशीखाली असतं, कोणाला त्रास होत नाही त्याचा. मागणं थांबलं म्हणून परस्पर टाकून देऊ नका, विचारून ठेवा. धुऊन, पूर्ण वाळवून सुती पिशवीत घाला, आणि पिशवी माळ्यावर वगैरे नको, कपाटातल्या खालच्या खणात, मुलाचा हात पोचेल अशा जागी, कारण नवी शाळा सुरू झाली किंवा कोणी आजारी पडलं की सात वर्षांचं मूलसुद्धा रात्री अकरा वाजता तेच मागतं आणि तेव्हा स्टूल घेऊन माळा उचकायला कोणाला उत्साह असतो.